दातवण, राखुंडी, मिश्री : आपल्या घरांतील दंतधावनाचा इतिहास



यंदाच्या मालेत आरोग्यावर काहीतरी सांगा, असा निरोप आला तेव्हा निमंत्रण देणाऱ्यांच्या मनात मधुमेह किंवा रक्तदाब असावा. मी दात आणि हिरड्या हा विषय घेतला, आणि तोही इतिहासाच्या अंगाने. होमिओपॅथीच्या डॉक्टरने दातांवर बोलावे, वर इतिहास सांगावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. त्यामागे एक जुनी चूक आहे. ती आधी सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या घरातल्या एक अक्का माझ्याकडे आल्या. हिरड्यांतून रक्त येते, खालचे दोन दात हलतात, अशी तक्रार होती. आमच्या शास्त्रात रुग्णाची हकीकत फार बारकाईने घेतात. तहान किती, घाम कुठे येतो, कोणत्या कुशीवर झोप लागते, राग आला की बोलून दाखवता की गिळता, स्वप्ने कसली पडतात, हे सारे मी विचारले. ‘तंबाखू वगैरे?’ असेही विचारले. अक्का म्हणाल्या, ‘छे हो डॉक्टर, आमच्या घरात तंबाखूला कोण हात लावतंय?’ मी कागदावर लिहिले, ‘व्यसन नाही’. औषध दिले. पुढच्या खेपेला रक्त कमी झाले होते. मला बरे वाटले.

सात-आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला बरी न होणारी जखम. मी त्यांना दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांनी तोंड उघडायला सांगितले आणि पहिलाच प्रश्न केला, ‘मिश्री लावता का?’ अक्का सहज म्हणाल्या, ‘लावते की. तीस वर्षं झाली. दातांसाठी.’

शस्त्रक्रियेत गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. त्यानंतर अक्का चार वर्षे जगल्या. पातळ पेज आणि ताक याखेरीज त्यांना फारसे काही खाता आले नाही.

अक्का माझ्याशी खोटे बोलल्या नव्हत्या, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे गडीमाणसे चुन्याशी मळतात ती, किंवा विडीत भरतात ती. मिश्री ही मोरीत कोनाड्यावर ठेवायची वस्तू, दात घासायची पूड. भाजलेल्या तंबाखूला आपल्या घरांत हे स्थान कसे मिळाले, याचा मी तेव्हापासून शोध घेत आलो. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात सुश्रुतापासून करू. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची मोजदाद आहे. एकंदर ६५ रोग, आणि त्यांची सात स्थाने. ओठांचे ८, दंतमूळ म्हणजे हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सगळ्या तोंडात पसरणारे ३. या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. दाताच्या रोगांपेक्षा हिरडीचे रोग जवळजवळ दुप्पट मोजले आहेत. त्यांतल्या ‘शीताद’ नावाच्या रोगात हिरड्यांतून कारणाशिवाय रक्त येते, त्या मऊ पडतात, काळवंडतात आणि तोंडाला दुर्गंधी येते. ‘दंतवेष्ट’ या रोगात हिरडीतून पू आणि रक्त येते व दात हलू लागतात. आज दंतवैद्य ज्याला पायोरिया म्हणतात, त्याचे हे वर्णन म्हणावे लागेल. दातांवर साखरेच्या खड्यांसारखा घट्ट थर बसतो, त्याला ‘दंतशर्करा’ असे नाव आहे, आणि हिरडीला इजा न करता तो थर शस्त्राने काढावा, असे सांगितले आहे. शीतादावर दूषित रक्त काढून नंतर सुंठ, मोहरी, त्रिफळा आणि नागरमोथा यांच्या काढ्याने गुळण्या करायच्या.

दात घासण्याचे नियमही तितकेच नेमके आहेत. सुश्रुताने काडी बारा बोटे लांब, करंगळीच्या टोकाइतकी जाड, सरळ आणि गाठी नसलेली सांगितली आहे. कडू रसात निंब, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज ही झाडे श्रेष्ठ मानली आहेत. चरकसंहितेत काडीचे टोक चावून मऊ करून दिवसातून दोनदा दात घासावेत असे आहे, आणि तेथेच अट घातली आहे की दातांभोवतीच्या मांसाला धक्का लागू नये. दोनदा घासा, हिरडी सांभाळा, चढलेला थर काढून घ्या. आजच्या दंतवैद्याचा सल्लाही याहून फार वेगळा नसतो.

मग ही दृष्टी हरवली कुठे? माझ्या मते ती वैद्यकातून धर्मशास्त्रात गेली आणि तेथे तिचा अर्थ पालटला. दंतधावन हा नित्यकर्माचा भाग झाला. प्रतिपदा, षष्ठी, अष्टमी, नवमी, एकादशी, अमावास्या अशा तिथींना काष्ठाने दात घासू नयेत, त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्यात, असे नियम आले. तोंड धुणे हे शुद्धतेसाठी, देवापुढे जाण्यासाठी. सकाळी एकदा ते झाले की काम संपले. दात घासण्याची चरकाची दुसरी वेळ आपल्या बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानातही उरली नाही.

माझ्या समाजातील उदाहरण येथे सांगायला हवे, कारण ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. दिगंबर मुनींचे अठ्ठावीस मूलगुण आहेत. केशलोच, अस्नान, जमिनीवर शयन, उभ्याने आहार, दिवसातून एकदाच आहार, आणि त्यांतच एक ‘अदंतधावन’. मुनी दात घासत नाहीत. आम्ही आचार्य शांतिसागर महाराजांच्या मुलखातले. ते बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. त्यामुळे मुनिचर्या आम्ही लहानपणापासून जवळून पाहत आलो. देहाचे लाड न करणे आणि सूक्ष्म जीवांचीही हिंसा टाळणे, हा त्या व्रतामागचा विचार. परंतु हे व्रत एकट्याने उभे नाही, हे ध्यानात घ्यावे. दिवसातून एकदाच, मोजका आहार घेणाऱ्याचे ते व्रत आहे. चहा, बिस्किटे, शेव, पेढे असे दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्या गृहस्थाने त्यातला सोयीचा भाग उचलला, तर त्याला व्रत म्हणता येणार नाही.

आता घरात येऊ. पुरुष मंडळी सकाळी परसातल्या लिंबाची किंवा बाभळीची काडी मोडून दात घाशीत. स्त्रियांना परसात उभे राहून अर्धा घटका काडी चावायला सवड नव्हती आणि ते शोभणारेही मानले जात नव्हते. त्यांच्यासाठी पूड होती. सर्वांत स्वस्त पूड म्हणजे राखुंडी. गोवरीची राख, भाताच्या तुसाची राख, बदामाच्या टरफलांचा कोळसा, वर थोडे मीठ, कोणी कापूर किंवा लवंग घाली. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या प्रत्येकाने ती वापरली असेल. राखुंडीने दात स्वच्छ दिसत, पण भरड पूड बोटाने आडवी घासून दातांच्या मुळाशी खाचा पडत आणि हिरडी मागे सरे. थंड पाण्याने ज्यांच्या दातांना कळ येते अशा वृद्धांच्या तोंडात त्या खाचा अजून दिसतात.

दुसरी पूड दातवणाची. जुन्या मराठीत दातवण म्हणजे दात घासायची पूड तर खरीच, शिवाय दात काळे करायची पूडही दातवणच. हिरडा, मायफळ अशा तुरट फळांची पूड आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी शाईही अशाच मिश्रणातून होई. सुवासिनीचे काळे दात हे एके काळी लेणे होते. हैदराबादकडच्या वाचकांना ‘मिस्सी’ आठवेल. उर्दू भाषिक समाजात दात आणि हिरड्या काळ्या करणारी ती पूड शृंगाराचा भाग होती. आपल्या ‘मिश्री’चे नाते त्याच शब्दाशी दिसते. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना मात्र मिश्री म्हटले की खडीसाखर आठवणार. देशावरून तिकडे नांदायला गेलेल्या सुनेने पहिल्या सकाळी मिश्री मागितली आणि सासूने खडीसाखर पुढे केली, असे घडले असेल तर नवल नाही. कोकणात आणि मुंबईकडे त्याच पुडीला मशेरी म्हणतात.

थोडक्यात, स्त्रीच्या तोंडाशी काळ्या पुडीचे नाते तंबाखू येण्यापूर्वीच जुळलेले होते. दात काळे झाले तर तक्रार नव्हती, उलट मान होता. तंबाखू आली ती या तयार जागेत.

तंबाखू आपल्या देशातली नव्हे. अमेरिका खंडातली ही वनस्पती पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणली आणि गोव्याच्या बंदरातून ती दख्खनेत पसरली. १६०४ च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग विजापूर दरबारी गेला होता. तेथे त्याला तंबाखू पाहायला मिळाली. ती आणि ओढायची नळी घेऊन तो आग्र्याला परतला आणि ती त्याने बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले, तेव्हा शाही हकिमाने विरोध केला. आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, मग तिचे गुण आम्ही कसे सांगावे, असा त्याचा मुद्दा होता. जहांगिराने १६१७ मध्ये बंदी घातली, ती टिकली नाही. उत्तरेला ती विजापुराहून गेली, म्हणजे या व्यवहारात आपला मुलूख उत्तरेच्या पुढे होता. पुढे बेळगाव जिल्ह्यातले निपाणी तंबाखूची मोठी पेठ झाले. १९८१ मध्ये तेथे तंबाखू उत्पादकांनी भावासाठी केलेले आंदोलन आणि त्यात झालेला गोळीबार या भागातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या शेतकऱ्यांच्या घामाविषयी मला आदर आहे. मी बोलतो आहे ते त्या पिकाच्या दुसऱ्या टोकाविषयी.

हकिमाचा तो मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सुश्रुताच्या ६५ रोगांत तंबाखूने होणारा रोग नाही, कारण तंबाखूच नव्हती. आमच्या पाठशाळेत सप्तव्यसने पाठ करून घेत. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. या यादीतही तंबाखू नाही, त्याच कारणाने. जी वस्तू वैद्यकाच्या यादीत नाही आणि धर्माच्या यादीतही नाही, तिला अडवणार कोण? ओढण्याची आणि खाण्याची तंबाखू निदान लोकांच्या डोळ्यांवर आली. दातांना लावायची तंबाखू औषध म्हणून आली आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

माझ्याच घरातले सांगतो. आमच्याकडे पाणी गाळून घेत. कांदा-बटाटा वर्ज्य होता. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत. अष्टमी-चतुर्दशीला आईचा उपवास असे. आणि महिन्यातून एकदा, दुपारी सगळे निजले की, आई तव्यावर तंबाखूची पाने भाजायला घेई. घरभर ठसका उठे. पाने काळी कुळकुळीत झाली की ती चुरून वस्त्रगाळ करी आणि पितळी डबीत भरून ठेवी. पाने आणायला दुकानात मीच जात असे. रात्री काहीही तोंडात न घालणारी माझी आई अंथरुणावर पडण्यापूर्वी मिश्री लावून अर्धा तास भिंतीला टेकून बसे. व्रत मोडले असे तिला किंवा दुसऱ्या कोणाला कधी वाटले नाही. मिश्री गिळायची नसते, थुंकायची असते. ते खाणे नव्हते.

मिश्री इतकी टिकली याला कारणे आहेत, आणि ती समजून घेतल्याखेरीज कोणाला ‘सोडा’ म्हणण्यात अर्थ नाही. दुखऱ्या दाताला ती लावली की कळ बोथट होते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुजलेल्या हिरडीतून येणारे रक्त कमी दिसते. बाईला वाटते की गुण आला. आत रोग चालूच राहतो. अक्कांच्या बाबतीत रक्त कमी झाले ते माझ्या औषधाने, असे मी समजत होतो. पुढे त्यांच्या सुनेने सांगितले की रक्त आले की त्या मिश्री जरा जास्त लावीत. शिवाय निकोटीन भूक मारते आणि पहाटेपासून राबणाऱ्या शरीराला थोडी तरतरी देते. सर्वांची जेवणे उरकेपर्यंत उपाशी राहणाऱ्या सुनेला हा आधार होता. दिवसभरात कोणाची परवानगी न घेता तिला बसायला मिळणारी ती कदाचित एकच वेळ असेल. काही दिवसांनी ती लावल्याखेरीज शौचाला होत नाही, डोके उठते. मग सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून पाच वेळा.

हे केवळ आपल्याकडचे नाही. गुजरातेत स्त्रिया तपकीर दातांना घासतात, तिला तिकडे बजर म्हणतात. गोव्यातही दातांना तपकीर लावण्याची चाल आहे. छत्तीसगड आणि ओडिशाच्या बाजूला गुडाखू असते, म्हणजे तंबाखू आणि गुळाची मळी यांचे मिश्रण. नावे निराळी, पण प्रत्येक ठिकाणी सबब दातांची.

इकडे हे चालले असताना दंतविद्या पुढे गेली होती. दातात किडा असतो, ही समजूत जगभर होती. आपण अजून ‘दात किडला’ म्हणतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे ‘काढून’ दाखवणारे वैदू आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. फ्रान्समधल्या पिएर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात या किड्याची समजूत नाकारली. त्याआधी १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकने आपल्याच दातांमधला पांढरा लेप भिंगाखाली धरला होता आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहिले होते. तो रोज मिठाने दात घासणारा माणूस होता, तरी हे! सूक्ष्म जीव सर्वत्र आहेत, हे ज्या परंपरेने फार पूर्वी मानले तिच्यातल्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचताना विशेष वाटते. १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलरने सांगितले की तोंडातले जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते. पुढे स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णांच्या संस्थेत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये आले. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात सर्वांत जास्त किडले. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा रुग्णांवर हा प्रयोग केला, म्हणून त्याची निंदा होते आणि ती योग्यच आहे. त्यातून शिकायचे एवढेच की साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली, हे दाताला जास्त बाधते.

हिरडीचा रोगही त्याच लेपातून येतो. लेप रोज निघाला नाही की तो घट्ट होतो, त्याचा दगडासारखा थर बनतो. सुश्रुताची दंतशर्करा ती हीच. हिरडी सुजते, दातापासून सुटते, खालचे हाड झिजते आणि एक दिवस न किडलेला, धडधाकट दात हातात येतो. दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. ‘वय झालं, दात पडायचेच’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. वयाने दात पडत नाहीत. बहुतेकदा उपचार न केलेल्या हिरडीच्या रोगाने पडतात.

उपचार करणारे तरी कोठे होते? दात काढायला न्हावी किंवा वैदू. मोठ्या शहरांत चिनी दातवाल्यांच्या पाट्या असत. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला, आणि त्यातही पदवी नसलेल्या पण पाच वर्षे तोच व्यवसाय केलेल्यांसाठी नोंदवहीचा वेगळा भाग ठेवावा लागला, इतकी पदवीधरांची वाण होती. ब्रशचीही हीच कथा. जुने ब्रश हाडाच्या दांड्याचे आणि डुकराच्या केसांचे. ते आमच्या किंवा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात येणे शक्य नव्हते. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश निघाला आणि ती अडचण गेली. कोलगेट कंपनी भारतात १९३७ मध्ये आली. १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकरांनी परळला विको सुरू केली आणि वज्रदंती मराठी घरांत पोहोचली. पुरुष आणि मुले ब्रशकडे वळली. मोरीतली पितळी डबी मात्र जागची हलली नाही.

१९७२ मध्ये डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतील १,०१,७६१ माणसांची तोंडे त्यांनी तपासली होती. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी दिसणारे चट्टे यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध त्यातून पुढे आला, आणि स्त्रियांच्या मिश्रीची नोंद प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाली. वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. उत्पादक न्यायालयात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूर न करता वापरायच्या तंबाखूला कर्करोगकारक ठरवले.

म्हणजे ज्ञान आले, कायदाही आला. पण कायदा कारखान्यातल्या मंजनाला लागू होतो. दुपारी घरातल्या तव्यावर भाजलेल्या पानांना तो कसा लागू व्हावा? तेथे फक्त घरचे माणूस पोहोचू शकते.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. घरातल्या आईला, आत्याला, मावशीला, स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना एकदा विचारा. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारू नका, उत्तर ‘नाही’ येईल आणि ते खरेही असेल. ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असे विचारा. त्या दोन प्रश्नांनी सारे कळते. मिश्री असेल तर रागावू नका. वेळा कमी करत जा, तिच्या जागी बडीशेप किंवा लवंग द्या, आणि ती अर्ध्या तासाची बैठक मात्र त्यांची त्यांना राहू द्या. गालात किंवा जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतके उघडत नसणे, यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या.

हिरड्यांतून रक्त येणे ही किरकोळ गोष्ट समजू नका. मऊ केसांच्या ब्रशने, फ्लोराइड असलेल्या पेस्टने, दोन मिनिटे, सकाळी आणि रात्री निजताना दात घासा. रक्त येते म्हणून तेथे घासणे टाळू नका, टाळल्याने लेप वाढतो. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे, कारण साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आवरणे जड जाते. गरोदरपणात हिरड्या सुजतात, तेव्हा दंतवैद्याला दाखवण्यात भय नाही. आणि एक गोष्ट मी माझ्या शास्त्राचा मान राखूनच सांगतो. दातांवर चढलेला दगडी थर कोणत्याही गोळीने निघत नाही, माझ्याही नाही. तो दंतवैद्याच्या हत्यारानेच निघतो. तो काढल्याने दात ढिले होतात हा समज चुकीचा आहे. दात आधीच ढिले झालेले असतात, थराने ते झाकलेले असते इतकेच.

अक्कांच्या शस्त्रक्रियेनंतर मी एका संध्याकाळी आईजवळ बसलो आणि तिला मिश्रीबद्दल विचारले. तेव्हा तिला बासष्टावे वर्ष होते आणि तोंडात अकरा दात उरले होते. तिने डबी उघडून दाखवली, बंद केली आणि म्हणाली, ‘तू इतकी वर्षं डॉक्टर आहेस. गावातल्या सगळ्यांना विचारतोस. मला कधी विचारलं नाहीस.’ मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला दंतवैद्यांकडे नेले. चट्टा नव्हता. मिश्री सुटायला पुढे दीड वर्ष लागले.

माझ्या दवाखान्यातल्या हकीकतीच्या कागदावर तेव्हापासून ‘व्यसन’ या शब्दाच्या वर एक ओळ वाढवलेली आहे. तीत लिहिले आहे, ‘दात कशाने घासता?’ प्रत्येक रुग्णाला मी तो प्रश्न आधी विचारतो.